'इतर' नावाचा वर्ग

एक होतं तालुक्याचं गाव. तिथल्या धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे, प्रमिलाताई टाकळकर बसत. रुग्णालयातलं प्रत्येक यंत्र कुठे आहे आणि कशाला जोडलेलं आहे, हे त्यांनी अकरा वर्षं खपून संगणकात नोंदवलं होतं. जाणकार त्याला कॉन्फिगरेशन डेटाबेस म्हणत. प्रमिलाताई त्याला 'माझी वही' म्हणत.

वही मोठी नेटकी होती. प्रत्येक यंत्राला एक वर्ग होता, आणि वर्गाच्या पोटात आणखी वर्ग. वरच्या वर्गाला नियम लावला की पोटातल्या सगळ्यांना तो आपोआप लागू होई. 'वैद्यकीय उपकरण' या वर्गातलं काहीही बंद पडलं, की दोन मिनिटांत प्रमिलाताईंचा फोन वाजे. मग त्या हातातलं काम टाकून पळत.

या सगळ्यांपासून अलग, एका कडेला, 'इतर' नावाचा वर्ग होता. घाईत एखाद्या यंत्राची जागा सुचली नाही, की प्रमिलाताई ते तिथे ठेवत. नंतर नीट लावू, असं म्हणत आणि विसरून जात.

त्या वर्षी वहीला एक एआय मदतनीस जोडला गेला. साध्या मराठीत प्रश्न विचारायचा, त्याने वही चाळून उत्तर द्यायचं. प्रमिलाताईंना तो आवडला नाही.

"माझ्या वहीत काय आहे ते मला विचारा की," त्या म्हणाल्या. "त्याला काय विचारायचं?"

पण त्यांच्या हाताखाली नव्याने आलेल्या इंजिनियरला, झाकीर मुजावरला, वही समजून घ्यायची होती. त्याने मदतनिसाला विचारलं, "सगळ्या वर्गांची उतरंड दाखव. कशात किती यंत्रं आहेत आणि कोणता नियम लागू आहे, तेही सांग."

मदतनिसाने झाडासारखी उतरंड काढून दाखवली. खाली एक ओळ होती: 'इतर' या वर्गात तीनशे बारा यंत्रं आहेत. या वर्गाला कोणताही नियम लागू नाही.

"ताई, हे एवढं काय आहे?" झाकीरने विचारलं.

"लॉबीतला टीव्ही, नंबर दाखवायच्या पाट्या. असलंच काहीतरी."

झाकीरने यादी उघडली. टीव्ही होते, पाट्याही होत्या. आणि त्यांच्यामध्येच दोन नावं होती: बालविभागातला लसीचा फ्रिज आणि त्याचं तापमान मोजणारं यंत्र.

प्रमिलाताईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या दिवशी ती यंत्रं आली होती. सगळे घरी जायच्या गडबडीत होते. सुट्टीनंतर बघू, असं म्हणून त्यांनी ती 'इतर'मध्ये ठेवली होती.

त्या उठल्या आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेल्या. लसीकरणाचं काम बघणाऱ्या साळवे सिस्टर फ्रिजपाशी उभ्या राहून तापमान कागदावर लिहीत होत्या.

"सिस्टर, हे हाताने का लिहिता?"

"दर दोन तासांनी लिहितो, मॅडम. मध्यंतरी फ्रिज दोनदा बंद पडला. एकदा तर लस वाया गेली. लांबून आलेल्या चाळीस बायका कडेवर पोरं घेऊन तशाच परत गेल्या. तेव्हापासून आम्हीच पाळी लावून बघतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"खाली फोन केला होता. वैद्यकीय उपकरणांच्या यादीत तुमचा फ्रिज दिसत नाही, असं सांगितलं." सिस्टरांच्या आवाजात राग नव्हता. "म्हटलं, तुमच्यामागे काय कमी कामं आहेत?"

सिस्टर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रमिलाताईंना वाटलं. त्या खाली आल्या आणि 'इतर'ची यादी पुन्हा उघडून बसल्या.

शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. वही नीटस ठेवली म्हणून प्रमिलाताईंचा सत्कार व्हायचा होता. झाकीरला त्यांच्याकडे बघवेना.

"ताई, मदतनिसाने तीनशे बाराही यंत्रांना वर्ग सुचवले आहेत," तो हळूच म्हणाला. "एक बटण दाबलं की सगळी जागच्या जागी. कुणाला कळणारसुद्धा नाही."

प्रमिलाताईंनी यादी वाचली. प्रत्येक सूचनेपुढे लिहिलं होतं: नावावरून केलेला अंदाज, खात्री करून घ्यावी.

"तो स्वतःच खात्री करा म्हणतो," त्या म्हणाल्या. "चल, जाऊन बघू."

चार दिवस दोघं रुग्णालयभर फिरले. सूचना बहुतेक बरोबर निघाल्या. कॅन्टीनमधल्या ताकाच्या फ्रिजला मात्र मदतनिसाने लसीच्या फ्रिजशेजारी बसवलं होतं. झाकीर खूप हसला. पण 'निळी पेटी' म्हणून एक नोंद होती. ती मदतनिसाने किरकोळ सामानात टाकली होती. दोघं जाऊन बघतात तर ती पेटी अतिदक्षता विभागातल्या ऑक्सिजनचा दाब मोजत होती. तिथे मात्र कुणी हसलं नाही.

"मदतनीस चुकला," झाकीर म्हणाला.

"नाव मी ठेवलं होतं, झाकीर. त्यावरून त्याला याहून काय कळणार? त्याने खात्री करा म्हटलं नसतं, तर मी इथवर आलेच नसते."

शुक्रवारी समितीपुढे प्रमिलाताई उभ्या राहिल्या. त्यांनी सहा वर्षांची चूक सांगितली, परत गेलेल्या चाळीस बायकांचंही सांगितलं. सत्कार नको म्हणाल्या. मग समितीच्या प्रमुख बाईंनी एवढंच विचारलं, "आता त्या 'इतर' वर्गाचं काय करणार? काढून टाकणार?"

"नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. "घाई पुन्हाही होईलच. पण त्यालाही नियम लावला आहे. त्यात काहीही पडलं, की त्याला जागा मिळेपर्यंत रोज सकाळी माझा फोन वाजेल."

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी लसीच्या फ्रिजची वीज गेली. साळवे सिस्टर नुकत्याच डबा उघडून बसल्या होत्या. धापा टाकत प्रमिलाताई दारात आल्या, तशा त्या गडबडीने उठू लागल्या.

"बसा हो, सिस्टर," प्रमिलाताई म्हणाल्या. "जेवा निवांत. मी आहे."

तात्पर्य: नंतर बघू म्हणून आपण ज्याला बाजूला ठेवतो, त्याची काळजी दुसऱ्या कुणाला तरी वाहावी लागते; म्हणून आपली चूक दिसली की ती झाकू नये, स्वतः चालत तिच्यापर्यंत जावं.