मंत्रमल्ल आणि आबांची उडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा सगळ्या प्राण्यांना बोलता यायचं आणि दुपारी कुणालाच काही काम नसायचं. आता दोन्ही बंद झालंय.

तर एका जंगलात, हिरड्याच्या झाडाखाली, एक मोठा सपाट खडक होता. जेवणं झाली की चार जण तिथं जमायचे आणि सोंगांचा डाव मांडायचे.

डाव असा. घोरपडमावशी कोळशानं खडकावर गुहा, दऱ्या, वाटा काढायची आणि गोष्ट सांगायची. "आता तुम्ही राक्षसाच्या दारात आलात. दारात दोन वेताळ उभे. बोला, काय करता?" मग बाकीच्या तिघांनी आपापलं सोंग घेऊन काय करायचं ते ठरवायचं. जमलं का फसलं, ते चिंचोके सांगायचे. मधोमध फोडलेले पाच चिंचोके. एक बाजू काळी, एक पांढरी. तीन पांढरे पडले की जमलं. पाचही पांढरे पडले की मावशी जीभ बाहेर काढून नाचायची. ते बघायला सुद्धा लोक यायचे.

ससा नेहमी वैद्य व्हायचा. वैद्याला मागं उभं राहायला मिळतं म्हणून. हसू नका, तुम्ही पण तेच केलं असतं.

कासव आबा व्हायचे मल्ल. मल्ल म्हणजे ठोसे मारणार, मार खाणार आणि दरी आली की उडी मारून पार जाणार. आबांना ठोशांचं काही नव्हतं. त्यांना ती उडी पाहिजे असायची. "उडी मारतो!" असं म्हणून आबा चिंचोके टाकायचे, तेव्हा त्यांची मान कवचातून एवढी बाहेर यायची की सशाला काळजी वाटायची. आबा तळ्याकाठी राहायचे. दिवस उजाडताना निघायचे, तेव्हा कुठं दुपारी खडकापाशी पोचायचे. येऊन काय, चार वेळा चिंचोके टाकायचे. चार उड्या. जन्मात कधी उडी न मारलेल्या माणसाला, म्हणजे कासवाला, चार उड्या पुष्कळ झाल्या.

आणि खार? खार व्हायची मांत्रिक. मांत्रिकाला रोज तीन गुंजा मिळायच्या. एक मंत्र म्हटला की एक गुंज मावशीला परत. तीन मंत्र झाले की मांत्रिक बसला गप्प. आणि खार गप्प बसली असं कुणी कधी बघितलंय का?

"मावशे, हे काय खरं नाय," एक दिवस ती करवादली. "माझ्या गुंजा संपल्या की मी काय माशा मारू? आबा बघ, दिवसभर ठोसे मारतात!"

"मग नवं सोंग घडव," मावशी म्हणाली. "अडवलंय कुणी?"

झालं. खारीनं दोन दिवस शेपटी डोक्याखाली घेऊन विचार केला आणि सोंग घडवलं. नाव ठेवलं मंत्रमल्ल. मल्लासारखा ठोसा मारणार, त्याच दमात मंत्रही म्हणणार, आणि ठोसा लागला की खर्च झालेली गुंज परत मिळणार. म्हणजे ठोसा, मंत्र, ठोसा, मंत्र, संपायचं नावच नाही.

आता त्या डावात एक रीत होती. नवं सोंग घडवणाऱ्यानं तीन दुपारी ते दुसऱ्याला खेळायला द्यायचं आणि स्वतः दुसऱ्याच्या जागेवर बसायचं. मगच ते सोंग पक्कं.

"तीन दुपारी?" खार म्हणाली. "मावशे, मी घरी खेळून बघितलंय की! चारही जागांवर मीच बसले. राक्षस मेला, पण अगदी शेवटच्या घावाला. एकदम बरोबर तोललंय."

"सगळ्यांच्या जागेवर बसलीस? आबांच्या पण?"

"शेपटीची शपथ!"

मावशीचे डोळे आधीच मिटायला लागले होते. ती म्हणाली, "बरं, खेळ मग."

खरी गोष्ट सांगू? खार घरी खेळली होती, हे खरं. मावशी झाली, वैद्य झाली, मंत्रमल्ल तर झालीच झाली. मल्लाची पाळी आली तेव्हा मात्र तिनं चिंचोके टाकलेच नाहीत. म्हणाली, तो काय, मल्लच तर आहे, मारेल एखादा ठोसा. असं धरून चालली आणि पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी डाव रंगला. दारातले दोन वेताळ? खारीनं एकाला ठोसा दिला, दुसऱ्याला मंत्रानं गार केलं. पुढं दरी आली. आबांनी मान बाहेर काढली, चिंचोके उचलले.

"थांबा आबा, कशाला त्रास!" खार म्हणाली. "मी मंत्रानं पूल टाकते."

पूल पडला. सगळे चालत गेले. आबांनी मान आत घेतली.

मग साप आला, खारीनं मारला. भिंत आली, खारीनं फोडली. शेवटी राक्षस आला. अगदी शेवटच्या घावाला खारीनं त्याला आडवा केला आणि स्वतःच खडकावर तीन कोलांट्या मारल्या.

"वा!" आबा म्हणाले. "फार छान मारलंस गं पोरी."

"आहेच मी छान!" खार म्हणाली.

आबांच्या पुढ्यात चिंचोके होते तसेच पडले होते. एकदाही टाकले नव्हते. हे खारीला दिसलं नाही. ती कोलांट्या मारत होती ना.

दुसऱ्या दिवशी आबा आले नाहीत.

"दमला असेल म्हातारा," खार म्हणाली आणि आणखी एक राक्षस मारला.

तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. त्यांच्याऐवजी आला एक बेडूक. त्याच्या तोंडात आबांची सोंगटी होती. आबांनी स्वतः नखानं कोरलेला काळा दगड. बेडकानं तो मावशीपुढं ठेवला आणि निरोप सांगितला, "आबा म्हणतात, मल्ल कुणाला तरी देऊन टाका. नुसतं बसून बघायला एवढं लांब चालवत नाही आता."

सशाचे कान खाली पडले. खारीनं दगडाकडं बघितलं, मग मावशीकडं. मावशी तिच्या शेपटीकडं बघत होती.

खारीनं पटकन शेपटी अंगाखाली घेतली.

"मी… मी जाऊन आणते त्यांना," ती म्हणाली आणि सुटली.

तळ्यापर्यंतची वाट म्हणजे तिला घटकाभराच्या उड्या. पण वाटेत धूळ होती आणि धुळीत आबांच्या येण्या-जाण्याची खूण उमटलेली होती. लांबच लांब रेघ, आणि मध्ये मध्ये गोल चपटे डाग. खार एका डागापाशी थांबली. हे काय, असं म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. इथं आबा दम खायला बसले होते. ती पुढं गेली, आणखी एक डाग. पुढं आणखी एक. अकरा डाग मोजले तिनं. शेवटी तिला उड्याच मारवेनात. ती चालायला लागली. खार, आणि चालत!

आबा तळ्याकाठी ऊन खात होते.

"ये गं," ते म्हणाले. "राक्षस मेला का आजचा?"

खारीला वाटलं होतं, आबा रागावतील. रागावले असते तर तिनं एखादी थट्टा करून वेळ मारून नेली असती. त्यात ती पटाईत होती. पण आबा रागावलेच नव्हते. तिनं उगाच म्हणून बघितलं, "आबा, तुमच्याशिवाय राक्षस रडतोय हो!" आणि स्वतःलाच कसंतरी झालं. पुढचं हसूच फुटेना.

"तुझं सोंग फार देखणं आहे," आबा म्हणाले. "मी खोटं नाही सांगत. मला आवडलं."

हे ऐकल्यावर तर खारीला वाटलं, बीळ दिसलं तर उंदराचं पण चालेल, शिरावं त्यात.

"आबा," ती खाली बघून म्हणाली, "मी तुमच्या जागेवर बसलेच नव्हते. खोटी शपथ घेतली. मी तुमचे चिंचोके टाकलेच नाहीत. धरून चालले."

आबांनी हळूहळू मान तिच्याकडं वळवली. कासवाचं हळूहळू म्हणजे किती, तुम्हीच समजा.

"राक्षसाशी तोललंस ना?" शेवटी ते म्हणाले. "राक्षसाशी बरोबरच तोललंस. फक्त राक्षस काय रोज आपल्याबरोबर जेवायला बसत नाही. आपल्या शेजारी कोण बसतं, त्याच्याशी तोलायचं राहिलं."

"तुम्ही घ्या ना मंत्रमल्ल! मी मल्ल होते."

"नको गं. मला मंत्र नको. मला उडी मारायची असते."

एवढं बोलून आबांनी मान आत घेतली. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

खार परत आली. मावशीपुढं उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत खोट्या शपथेचं सांगून टाकलं. सांगताना शेपटी कुठं ठेवावी तेच तिला कळेना.

"मी पण झोपेत हो म्हणाले," मावशी म्हणाली. "चूक माझी पण आहे. आता काय करतेस?"

खारीनं रागारागानं मंत्रमल्लाला कापून काढला. गुंज एकच. ठोसा एकच. त्यानंतर घेरी येऊन पडणार.

ससा म्हणाला, "असलं सोंग कोण घेईल? दारातच झोपतंय की हे!"

"लाज वाटली म्हणून कापू नकोस," मावशी म्हणाली. "जागेवर बस, मग काप."

मग खार बसली. आबांच्या जागेवर, आबांचा काळा दगड पुढ्यात घेऊन. मंत्रमल्ल दिला सशाला, पहिला होता तसाच. आणि काय सांगू तुम्हाला, तो भित्रा ससा असा उधळला! ठोसा काय, मंत्र काय, पूल काय. "तू राहू दे गं, मी करतो!" असं दर वेळी म्हणायचा. अगदी तिच्याच आवाजात.

पहिल्या दुपारी खारीनं चिंचोके एकदाही टाकले नाहीत. दुसऱ्या दुपारी एकदा हातात घेतले आणि खाली ठेवले. पंजे नुसते शिवशिवत होते. राक्षस मेला तेव्हा ससा म्हणाला, "जमलं ना?" तिला म्हणावं लागलं, "वा, छान मारलंस." हेच आबा म्हणाले होते. आणि ती काय म्हणाली होती? आहेच मी छान.

तिसऱ्या दुपारी दरी आली. सशानं पूल टाकायला तोंड उघडलं आणि खार ओरडली, "थांब! इथं! इथंच बिघडलंय!"

मग तिनं सोंग नव्यानं घडवलं. सशाला विचारून, मावशीला विचारून, आणि मुख्य म्हणजे आबांच्या जागेवरून न उठता. मंत्रमल्लाला एका पाळीत एकच काम, ठोसा नाहीतर मंत्र. गुंजा तीनच, गेली ती गेली. आणि एक नवीन गोष्ट तिनं घातली. मंत्रमल्लाला आपली गुंज सोबत्याच्या अंगात फुंकता येईल. मग सोबत्याचा एक काळा चिंचोका पांढरा धरायचा.

बेडूक हे सगळं झुडपातून बघत होता. त्याच्या पोटात काही राहत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी धुळीत खरखर झाली. आबा आले होते. खारीनं काही न बोलता जागा सोडली आणि काळा दगड शेपटीनं पुसून त्यांच्यापुढं ठेवला.

मावशीनं डाव मांडला. वेताळ, साप, भिंत. कधी खारीचा ठोसा, कधी आबांचा. सशानं दोघांना पट्ट्या बांधल्या. शेवटी राक्षस दरीपलीकडं जाऊन उभा राहिला. खारीकडं एक गुंज उरली होती. पूल टाकता आला असता. तिची जीभ वळवळली सुद्धा.

तिनं गुंज उचलली आणि आबांच्या दगडावर ठेवली.

आबांची मान बाहेर आली. सशानं डोळे झाकले. "उडी मारतो!" चिंचोके पडले. चार पांढरे, एक काळा, आणि तो काळा खारीच्या गुंजेनं पांढरा.

"पाच!" मावशी ओरडली आणि जीभ काढून नाचायला लागली.

उडी थेट राक्षसाच्या छातीवर पडली आणि राक्षस मेला. आबा धापा टाकत होते, बसल्या जागी. त्यांनी बघितलं तर खार खालीच बघत होती.

"मान वर कर गं," आबा म्हणाले. "मेला बघ राक्षस."

"बघितला," खार म्हणाली. पण मान काही लगेच वर आली नाही. ती अकरा डाग आठवत होती. अजून कुठं नवं काही करायला बसली की खार आधी इकडंतिकडं बघते, मग पुढं होते. लोकांना वाटतं घाबरट आहे. घाबरट नाही. शेजाऱ्याच्या पुढ्यात काही उरलंय का, ते बघते.

बोध: आपलं बळ शत्रूवर किती भारी पडतं ते मोजण्याआधी, सोबत्याच्या वाट्याला काय उरतं ते त्याच्या जागेवर बसून बघावं.