परांचीवरचा पहिला चहा

“म्हणजे पडला तो, आणि दोषी मी?”

मकरंद शेवाळेचा आवाज चढला होता. वसतिगृहाच्या नव्या इमारतीवरचा हा सुपरवायझर. समोर विटांच्या ढिगावर गफूर मिस्त्री बसले होते. ओळंबा कसा धरायचा ते मकरंदला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तो अजून त्यांना चाचा म्हणायचा. आज मात्र तो शिकायला आला नव्हता. त्याला सही हवी होती.

काल दुपारी लहू गवंडी दुसऱ्या मजल्याशी बांधलेल्या बांबूंच्या परांचीवरून खाली कोसळला. मांडीचं हाड मोडलं. आणि मकरंदच्या हातातल्या कागदावर काय, तर लहूनं सुरक्षेचा पट्टा असून अडकवला नाही, हलगर्जीपणा त्याचाच! साक्षीदार म्हणून मिस्त्रींची सही झाली की लहूचं नाव हजेरीतून कटणार होतं. या साइटवरून आणि ठेकेदाराच्या बाकीच्या साइटींवरूनही.

“सही करा, चाचा.”

“तू काय काय केलंस, ते सांग आधी.”

“काय नाही केलं?” मकरंद उसळलाच. “हेल्मेटं दिली. पट्टे दिले, नवे कोरे. फाटकाशी हा एवढा बोर्ड लावला. रोज सकाळी वहीत खूण करतो, पट्टा अडकवला, होय. आणि हा लहू! वर तोंड करून मलाच विचारतो, साहेब, अडकवू कुठं? म्हटलं, डोळे फुटलेत का तुझे?”

“मग?”

“मग काय... गेला गुमान वर.”

मिस्त्रींनी मान वर करून परांचीकडे पाहिलं.

“पूर्वी परांची बांधली की आपण काय करायचो रे?”

मकरंदनं कपाळाला हात लावला. त्याला ते चांगलं ठाऊक होतं. ज्यानं परांची बांधून घेतली त्यानं पहिला चहा तिच्यावर बसून प्यायचा. तोवर दुसऱ्या कुणी तिच्यावर पाय ठेवायचा नाही. ही रीत मकरंदनंच मोडली होती. अर्धा तास चहा ढोसत बसायला ही काय सासुरवाडी आहे, असं सगळ्यांदेखत म्हणाला होता. मग गुडघे गेलेले मिस्त्री खाली फरश्या कापायला बसले आणि मकरंदची वही सुरू झाली.

“आता त्या जुन्या गोष्टी कशाला...”

“सही पाहिजे ना?” मिस्त्रींनी आपला थर्मास त्याच्या गळ्यात अडकवला. “वर जा. लहू जिथून पडला तिथंच बसून चहा पी. पट्टा घालून जा. तोवर मी हे वाचतो.”

आणि त्यांनी कागदही घेतला, त्याच्या काखेतली वहीही घेतली.

असा संताप आला मकरंदला! म्हातारा भर साइटवर तमाशा करायला निघालाय. पण सहीवाचून अडलं होतं. त्यानं पट्टा आवळला, तणतणत जिना चढला आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक पाय बाहेर फळीवर टाकला.

फळी करकरली.

त्यानं झटकन पट्ट्याचा हूक उचलला. समोरच्या बांबूला लावून पाहिला. हुकाचं तोंड दोन बोटांचं, बांबू मनगटाहून जाड. दुसरा बांबू पाहिला, तोही तसाच. सुंभाच्या गाठीत खुपसला, तर गाठच सैल झाली. हूक अडकवायला भिंतीच्या कडेनं एक आडवा दोर लागतो. तो कुणी बांधलाच नव्हता. सव्वीस दिवस त्या फळ्यांवर माणसं उभी राहून गिलावा करत होती, आणि दोर नव्हता. आता बोला!

खाली काम थांबलं होतं. गवंडी, पाट्या उचलणाऱ्या बायका, सगळे माना वर करून बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मकरंदला वाटलं.

खिडकीची चौकट त्यानं घट्ट धरली.

“चाचा...” त्याचा आवाज चिरकला. “हे... हे अडकवू कुठं?”

गफूर मिस्त्री गुडघ्यांवर हात रेटत उभे राहिले. कागद फाडून त्यांनी वाळूत टाकला. मग वही उघडली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली.

“इथं अडकव! लहूला रोज इथंच अडकवत होतास ना?”