दवानं मढवलेली पाटी

फार पूर्वी रानातले छोटे दुकानदार आपली पाटी कोळ्याच्या जाळ्यावर लावत. कुंभारीण माशीनंही आपल्या मडक्यांसाठी एक जाळं विणून घेतलं.

"यंदा चकाकीची चलती आहे, ताई," म्हणत कोळ्यानं ते दवबिंदूंनी मढवलं. धुक्यात जाळं स्वप्नासारखं झुलू लागलं. फुलपाखरं आली, "वा!" म्हणाली आणि तरंगत निघून गेली.

मग एक दमलेली मुंगी आली. तिच्या पिल्लांचं धान्य वारुळात भिजत होतं. पण त्या लखलखाटात तिला पाटी वाचताच येईना.

"बाई, इथं मडकी कुठं मिळतात हो?" तिनं कुंभारणीलाच विचारलं.

कुंभारीण वरमली. तिनं जाळं हलवून सारं दव झाडलं आणि मधोमध एक साधं मडकं टांगलं.

धुकं विरलं, तेव्हा वारुळापासून तिच्या दारापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.