ढगोबाची जीभ

राजा रणधवलाच्या कुत्र्याने भर दरबारात शेजारच्या राज्याच्या वकिलाला जीभ दाखवली!

वैशाखातली टळटळीत दुपार. डोंगरी मुलखातून आणलेला केसाळ ढगोबा जरीची झूल पांघरून सिंहासनाजवळच्या उन्हात बसला होता. जीभ हातभर बाहेर, धाप लागलेली. वकील खुदकन हसला आणि राजाचं टाळकं सटकलं.

"जीभ आत घे!" राजा ओरडला.

ढगोबाने ती आणखी बाहेर काढली.

"ऐकत नाही? सांजेपर्यंत याची जीभ आत गेली पाहिजे. तोंड बांधायचं नाही! नाही गेली, तर याला माळावर हाकलून द्या!"

त्या रणरणत्या माळावर कुत्रा दोन दिवस तगला नसता. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडणाऱ्या भिवराने हे ऐकलं. रोज तिच्याच घागरीतलं पाणी ढगोबा प्यायचा. घागर खाली ठेवून ती पुढे झाली.

"मी घालवते जीभ आत, महाराज. पण कुत्रं धन्याचं बघून शिकतं. तुम्ही ही झूल पांघरून त्याच्या जागी बसा."

"एवढंच? आण इकडे!"

राजा झूल घेऊन उन्हात बसला. पंखेवाल्याला भिवराने हातानेच थांबवलं. थोड्याच वेळात राजाच्या कपाळावरून, मिशांवरून धारा लागल्या.

"महाराज, घाम आत घ्या!" भिवरा म्हणाली.

"अगं वेडे, घाम कुणाला आत घेता येतो का?"

"मग त्याने जीभ कशी घ्यावी? तुम्हाला घामाला सगळं अंग मोकळं. त्या बिचाऱ्याची सारी भिस्त जिभेवर!"

वकिलाने तोंडात उपरणं कोंबलं. राजा मात्र हट्टाला पेटला. "ते काही नाही! हुकूम म्हणजे हुकूम!"

"जशी आज्ञा!"

भिवराने ढगोबाला वाळ्याच्या पडद्याआड नेलं. फरशीवर पाणी ओतलं, पुढ्यात गार पाण्याचं परळ ठेवलं. ढगोबा लपालपा प्यायला, ओल्या फरशीवर पोट टेकून पसरला. हळूहळू धाप बसली, जीभ आत गेली आणि तो घोरू लागला.

"घ्या महाराज, हुकूम पाळला त्याने!"

राजा झुलीसकट गदगदून हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने तिच्यापुढे धरलं. "हे घे! आणखी काय हवं ते माग!"

भिवराने कडं कपाळाला लावलं. "उन्हाळाभर दरबार सकाळी भरवा, महाराज. दुपारी त्या पडद्यांना पाणी घालताना माझीही जीभ बाहेर येते!"

राजा पुन्हा खो खो हसला, "उद्यापासून सकाळीच!" म्हणाला आणि दरबार तिथेच बरखास्त झाला.