चुंबकाची खिळ्यांची दाढी

फार पूर्वी भंगाराच्या एका वखारीत एक म्हातारा नालाकृती चुंबक खुंटीला टांगलेला असे. समोर क्रेनला लटकणारी लोखंडी थाळी त्याला कोड्यात टाकी. बटण दाबलं की ती अख्खी मोटार उचले. बटण बंद केलं की मोटार धाडकन ट्रकमध्ये!

"पोरी, एवढं बळ येतं कुठून?" त्याने एकदा विचारलंच.

"पोटात तांब्याच्या तारेचे वेढे आहेत, आजोबा. त्यातून वीज वाहते तोवरच मी चुंबक. मग नुसतं लोखंड."

"म्हणजे उसनं बळ! मी बघ, एकदा धरलं की सोडत नाही."

"मग आज काय उचललंत?"

चुंबकाने खाली पाहिलं. परवाचे, तेरवाचे खिळे अंगाला दाढीसारखे चिकटले होते. नव्या खिळ्याला जागाच नव्हती.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "सोडायचं कसं, तेवढं शिकव."