शेवटच्या शेताला पहिले पाणी

हा दगडी बंधारा आणि त्यातून निघालेला हा पाट. पाटाला लागून पहिलेच शेत देशमुखांचे. तरी आमच्या बोरवंडीत पाणी आधी तिकडे, टेकडीखालच्या शेवटच्या शेताला जाते. तिथून एकेक शेत भिजत पाळी मागे येते आणि देशमुखांचे शेत सर्वांत शेवटी भिजते.

पूर्वी असे नव्हते. बंधारा देशमुखांच्या पूर्वजाने बांधला, म्हणून पहिल्या पाण्याचा मान त्यांचा. हैबतराव देशमुखांच्या काळात एका वर्षी पाऊस फार कमी झाला, असे सांगतात. गावाने प्रत्येक शेताची वेळ बांधून दिली. पण शेवटच्या शेतात पाणी पोचेना. ते शेत ठकूबाई नावाच्या एकट्या बाईचे. तिचा गहू ओंबी धरता धरता वाळला.

दोष आला धवळू पाटकऱ्यावर. पाणी सोडणे-बांधणे त्याचे काम. त्याने मधेच कुणाला तरी पाणी विकले, असे लोक बोलू लागले. चावडीपुढे गाव जमला. धवळूला बायकापोरांसह गावाबाहेर काढायचे जवळपास ठरले. हैबतराव तिथेच बसले होते, ते काही बोलले नाहीत.

तेव्हा त्यांच्या पत्नी गोदूबाई पुढे आल्या. बायकांनी सभेत बोलायची तेव्हा रीत नव्हती, म्हणे.

"धवळूला कशाला काढता? पाणी आमच्या उसात मुरलंय. आमच्याच गड्यांनी पाट बुजवला."

पंच अवघडले. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने विचारले, "वहिनी, यात तुमचंही जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर चार दिवस गप्प होते."

हैबतरावांनी मान खाली घातली, पण नाही म्हटले नाही. उभा ऊस ठकूबाईला मिळाला. देशमुखांची पाटाकाठची निम्मी जमीन गावाने घेतली आणि पहिल्या पाण्याचा मानही काढून घेतला.

पुढे हैबतराव वारले. गोदूबाईंच्या सत्याला स्मरून गावाने तो मान परत देऊ केला. त्यांनी घेतला नाही. एवढेच म्हणाल्या, "खालचं शेत भिजलं की सांगा, मग आमच्याकडे पाणी सोडा."

आजही पाळी सुरू झाली की देशमुखांच्या घरचे कुणीतरी टेकडीपर्यंत चालत जाते आणि शेवटच्या सरीत पाणी आलेले डोळ्यांनी पाहून येते. तोवर त्यांच्या शेतात पाणी घेत नाहीत. गावाने तो दंड माफ करून कित्येक पिढ्या झाल्या.