शेवरकोंडची माहेरखिंड

शेवरकोंडला नदीवर जुना दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याला बरोबर मधोमध खिंडार आहे. पावसाळाभर पाणी त्यातून धो धो निघून जाते. पाहुणे येतात, बंधाऱ्यावर उभे राहून फोटो काढतात आणि मग त्यांच्यातला एकजण हमखास विचारतो, "काका, एवढं बुजवून का टाकत नाही?"

हा प्रश्न आला की महिपत तात्यांच्या कपाळावर आठी चढते. बंधारा दाखवता दाखवता त्यांचे केस पांढरे झाले, पण प्रश्न काही बदलला नाही. "आधी ते नदीत कुरमुरे टाकायचं बंद करा," तात्या म्हणतात, "मग सांगतो." आणि कुरमुऱ्यांची पिशवी बंद झाल्यावरच सांगायला लागतात.

फार पूर्वी शेवरकोंडला शिमगा सरला की पाण्याचे हाल सुरू व्हायचे. नदीच्या वाळूत खड्डे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरत. म्हणून गावाने निंबा नावाच्या बेलदाराला बोलावून आणले, राहायला जागा दिली आणि नदीला बांध घालायला सांगितले. निंबा हाताचा चोख, पण नाकाचा शेंडा कायम लाल. कामात कोणी चूक काढलेली त्याला खपत नसे. त्याची बायको आवडा नदीच्या वरच्या अंगाची, उंबरमाळची लेक होती.

पहिल्या वर्षी निंबाने बांध घातला. आषाढात पूर आला आणि बांध मधोमध फुटला. दुसऱ्या वर्षी त्याने पाया आणखी खोल नेला, तरी बांध फुटला, आणि फुटला तोही त्याच जागी. मग गाव हसायला लागले. निंबा दिसला की पोरे ओरडत, "बेलदाराचा बांध, पाण्याआधी सांड!" निंबा चुन्याला शिव्या घाली, भट्टीवाल्याला घाली, शेवटी स्वतःच्या हातांना घाली. चूक कुठे होते तेच त्याला उमगेना.

दसऱ्याच्या दिवशी वाघजाईच्या देवळात कोणीतरी पुन्हा टोमणा मारला आणि निंबाचे डोके फिरले. त्याने देवीचा भंडारा उचलला आणि शपथ घातली, "माजी भिंत एक पूर झेलीपर्यंत माज्या घरातलं माणूस नदीच्या वरच्या अंगाला पाऊल टाकणार न्हाय."

शपथ त्याने घातली, अडकली मात्र आवडा. पुढे तिला दिवस गेले. पहिलटकरीण म्हणून वैशाखात भाऊ तिला न्यायला आला, तर निंबाने त्याला चहापाण्याविना, म्हणजे त्या काळच्या गूळपाण्याविनाच, परत धाडले. आवडा दारात उभी राहून भावाची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली, असे सांगतात.

त्या वर्षी निंबाने कसर म्हणून ठेवली नाही. जिथे बांध फुटायचा नेमकी तीच जागा त्याने सगळ्यांत भक्कम केली. चुन्यात गूळ आणि हिरडा घोटला, दगडाला दगड लोखंडी कांब्यांनी जखडला आणि कांब्यांच्या खाचांत शिसे ओतले. आषाढाचा पूर आला. गाव काठावर जमले. पाणी चढले, भिंतीवरून वाहिले, पण भिंत जागची हलली नाही.

आणि भिंतीच्या खाली लोकांनी पाहिले तर काय, मासेच मासे! मोठमोठ्या खवल्यांच्या, पोटाने जड झालेल्या खडश्या पुराबरोबर वर चढायला आल्या होत्या आणि भिंतीवर डोकी आपटत होत्या. एकेक उडी मारी, दगडाला थडके आणि मागे पडे. लोक टोपल्या घेऊन धावले. न जाळे, न गळ, नुसते उचलायचे. सगळे निंबाचा जयजयकार करू लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा निंबा मनापासून हसला. आता शपथ फिटली, आवडाला माहेरी पोचवावे, म्हणून तो तिला शोधू लागला.

आवडा भिंतीच्या टोकाला बसली होती. कळा सुरू झाल्या होत्या.

"आवडे, ऊठ. डोली सांगितलीया," निंबा म्हणाला.

"मी येनार न्हाय, धनी. मला न्यायचं आसंल तर आदी ह्यांना वाट द्या."

निंबाला वाटले, वेदनेने बरळते आहे. तेव्हा आवडाने सगळे सांगून टाकले. उंबरमाळच्या ओढ्यात गोट्यागोट्यांचा उथळ तळ आहे. खडश्या दर पुराला तिथवर चढून जातात आणि तिथेच अंडी घालतात. लहानपणापासून ती ते पाहत आली होती. म्हणून दोन्ही वर्षे भर पावसात, सगळे घरात बसलेले असताना, तिनेच भिंतीच्या दगडांत पाचरीसारखी ठोकलेली चीप काढली होती. बेलदाराची बायको ती. कुठली चीप काढली की कुठला दगड सुटतो, हे तिला न कळते तरच नवल. बाकीचे काम पुराने केले. ह्या वर्षी मात्र चीप हलली नाही.

निंबाच्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षे गावभर हसे झाले ते कुंपणानेच शेत खाल्ल्यामुळे! "माजी अब्रू घालवलीस," तो ओरडला.

"व्हय, घालवली," आवडा म्हणाली. "मी थांबले की वो तुमच्या शपथेपायी. ह्यांच्या पोटातलं कसं थांबंल?"

निंबाने खाली पाहिले. एक खडशी पुन्हा उडी मारून मागे पडली, आणि टोपली घेतलेल्या कोणीतरी ती उचलली.  निंबाने पहार उचलली आणि तो भिंतीवर चढला. गाव ओरडू लागले, पाटील धावून आला, पण बेलदाराच्या हातातल्या पहारेपुढे जायची छाती कोणाची?

पण भिंत फुटेना. फुटेल कशी? त्याने स्वतःच बांधलेली. शिसे निघेना, कांब वाकेना, चुना तर दगडाहून कठीण झालेला. निंबा घाव घाली आणि रडे, घाव घाली आणि स्वतःच्याच कारागिरीला शिव्या देई. काठावर बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला होता. अखेर पहिला दगड सुटला, मग दुसरा, आणि पाण्याने उरलेले ओढून नेले. त्या वाटेने खडश्या वर चढल्या. आडोशातून मुलीचे रडणे ऐकू आले. आवडाचा आवाज मात्र पुन्हा कधीच आला नाही. म्हणे, जरा आधी वाट झाली असती तर डोली उंबरमाळला पोचली असती.

पुढे गावाने किती विनवले तरी निंबाने ते खिंडार बुजवले नाही. फुटले म्हणून ज्याची लाज वाटायची, तेच तो जन्मभर राखत बसला.

आजही त्या खिंडाराला, म्हणजे माहेरखिंडीला, दसऱ्यानंतरच फळ्या लागतात, त्यामुळे उन्हाळ्याचे पाणी अडते, आणि रोहिण्या लागल्या की फळ्या निघतात. आजही चढणीच्या माशाला इथे कोणी हात लावत नाही. शेवरकोंडात पोटुशी सून माहेरी निघाली तर 'जरा थांब' हा शब्द कोणी काढत नाही.

एवढे सांगून तात्या नदीच्या वर बोट दाखवतात. वळणापलीकडे काँक्रीटची नवी भिंत आहे, सरळ आणि गुळगुळीत. तिला खिंड नाही. ती बांधताना खिंड ठेवा म्हणून तात्यांनी सांगितले होते. साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. आता खडश्या माहेरखिंडीतून वर जातात आणि त्या भिंतीवर आपटतात. गावकरी हाती लागतील तेवढ्या ओल्या गोणपाटात घेऊन पलीकडे सोडतात. दर वर्षी खडश्या कमीच हाती लागतात.

"निंबाच्या घरात आवडा तरी होती," तात्या चिडून म्हणतात. "ही भिंत बांधणाऱ्यांच्या घरात कोणीच नाही काय?"

 तात्या गोणपाट खांद्यावर टाकतात आणि वरच्या अंगाला चालू लागतात.